डोळे मिटून पाहिलेली खिडकी

१

खेळ संपला, दिवे लागले, आणि टाळ्या पुरत्या विरायच्या आत मागच्या खुर्चीतल्या पाहुण्याने विचारलं, "खिडकीच्या दृश्याला पडदा काळा का झाला होता?"

कोणालाच प्रश्न कळला नाही. पहिल्या रांगेतल्या वहिनींनाही नाही. सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू लग्नात कुणीतरी नवरदेवाचं नाव विचारलंय.

पाहुणा चित्रपटांच्या एका मोठ्या संग्रहालयातून आला होता. वहिनींचे यजमान, ज्यांना जुने सिनेमे बघणारं गावातलं अख्खं मंडळ दादा म्हणायचं, ते गेल्या वर्षी वारले. त्यांनी जन्मभर जपलेला अमेरिकन बोलपट संग्रहालयात जावा, नीट राहावा, अशी वहिनींची इच्छा. म्हणून दर वर्षीच्या खेळाला यंदा हा पाहुणा आला होता. मंडळात त्या बोलपटाला त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. सगळे त्याला 'खिडकी' म्हणत.

चित्रपट नुकता कुठे बोलायला लागला होता, त्या दिवसांतला तो बोलपट. आवाज फिल्मवर नसायचा. प्रत्येक रिळाची एक वेगळी तबकडी, ती ग्रामोफोनसारखी फिरायची आणि रीळ तिच्या जोडीने चालायचं. गोष्ट एका टोळीच्या म्होरक्याची. पावाच्या भट्टीतलं पोर शहराचा धनी होतं, आणि शेवटी त्याची बायकोच त्याला पोलिसांच्या हाती देते. जिना चढणाऱ्या बुटांचा आवाज, मग काहीच नाही, नुसती तबकडीची खरखर. खोलीत ती एकटी. खिडकीपाशी जाते, पडदा सारून खाली अंधारात दबलेल्या पोलिसांना खूण करायच्या आधी स्वतःशीच म्हणते, "दिवा तसाच राहू दे. तो उजेड बघूनच येईल."

त्या दृश्याची मंडळात एक रीत होती. खेळाआधी दादा बोलायला उभे राहिले की शेवटी सांगायचे, "जिन्यावर पावलं वाजली की डोळे मिटा. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यातून माणसाचा आवाज ऐकला, त्यांच्यासारखं नुसतं ऐका. विश्वासघात कानांनी जास्त चांगला कळतो." आणि सगळी माणसं, डॉक्टरांपासून शाळामास्तरांपर्यंत, शहाण्या मुलांसारखी डोळे मिटायची. दादा गेल्यावरही कोणाला सांगावं लागलं नाही. पाहुण्याला ही रीत माहीत नव्हती. तो आपला डोळे उघडे ठेवून बसला होता.

"बाईचा आवाज येत होता," तो म्हणाला, "पण बाई नव्हती."

सगळे प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये चढले. ऑपरेटरांनी रीळ उलगडलं. जिन्यावरचा माणूस होता, नंतरचा रस्ता होता. मधे खिडकी नव्हती. तिथे काळ्या फिल्मची एक पट्टी जोडलेली होती, बरोबर तेवढ्याच लांबीची, म्हणजे पुढे तबकडीतला आवाज आणि ओठ मागेपुढे होऊ नयेत.

"कापून नेलंय," मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर म्हणाले. मग हळूच सगळ्यांच्या माना ऑपरेटरांकडे वळल्या. एरवी ज्यांची बडबड थांबवायला चहा पाजावा लागे, ते ऑपरेटर खाली मान घालून रीळ गुंडाळत राहिले.

२

डॉक्टरांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. दादांच्या हयातीत या फिल्मला कोणी बोट लावणं शक्य नव्हतं. दादा गेल्यावर डबे घरून थिएटरात आले, ते केबिनच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ऑपरेटरांच्या कमरेला. त्यातून असं मापात काळं जोडणं म्हणजे तबकडीच्या जमान्यातल्या माणसाचीच सवय. आणखी काय हवं? थिएटरच्या मालकांना आयतंच निमित्त मिळालं. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक, तोवर चोरलेला तुकडा परत आला नाही तर ऑपरेटरांनी केबिनही सोडायची आणि थिएटरामागची खोलीही. त्या खोलीत त्यांचा संसार झाला होता, बायको तिथेच वारली होती. पाहुणाही रविवारी परत येणार होता. अपुरी फिल्म आपण घेत नसतो, असं त्याने नम्रपणे सांगितलं.

वहिनींना हे पटेना. ऑपरेटरांनी तुकडा चोरला असता तर दुसऱ्याच दिवशी अर्ध्या गावाला तो दाखवून आले असते. या माणसाच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं. मग आताच काय बसलं होतं त्यांच्या तोंडावर?

घरी त्यांची धाकटी बहीण स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, केस पिकले तरी. तरुणपणी नोकरीसाठी परगावी गेली, लग्न केलं नाही, फक्त दर वर्षी खेळाला न चुकता यायची. दादा गेल्यावर ताईच्या सोबतीला कायमची राहायला आली होती. खेळाला या खेपेला मात्र डोकं दुखतंय म्हणून आली नव्हती.

वहिनींनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मटाराच्या शेंगा जरा जोरात फुटत राहिल्या.

"कोण चोरेल ग असलं काही?" वहिनी म्हणाल्या. "आणि कशासाठी?"

"एवढं काय आहे त्यात, ताई. बाई पडदा सारते, काचेत तो ओठांवर बोट ठेवलेला माणूस, की झालं, पुन्हा पडदा. तू आता जिवाला लावून घेऊ नकोस. ऑपरेटर काय, आज ना उद्या थकणारच होते."

शेवटच्या वाक्याने वहिनींना इतकं वाईट वाटलं की आधीचं त्यांच्या कानांवरून तसंच वाहून गेलं.

रात्री अंथरुणावर पडल्या तेव्हा त्यांना आठवलं ते भलतंच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दादांनी दिव्यासमोर ते रीळ धरून त्यांना खिडकीतली बाई दाखवली होती. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो चेहरा. घाबरलेला नाही, पश्चात्तापही नाही, फक्त आपल्याला कोणी पाहत तर नाही ना हे बघणारा. वहिनी हरखून म्हणाल्या होत्या, "यातली एक फ्रेम मला द्या ना. फार तर एक. माझ्या डबीत ठेवीन." दादांचा चेहरा बदलला होता. फ्रेम माझी नाही, ती बोलपटाची आहे, मागतेस म्हणजे मला चोरी करायला सांगतेस, असं काहीसं ते म्हणाले. वहिनी ओशाळल्या होत्या; आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसापासून त्या नवऱ्याला मनातून मानायला लागल्या होत्या. तत्त्वाचा माणूस.

अशा माणसाच्या फिल्मला कात्री लावायची छाती कोणाची झाली?

३

सकाळी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. कारण साधं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर एक काचेची पेटी होती, आत दिवा, आणि तिच्यावर जुन्या नट्यांच्या सुट्या फ्रेमा चिकटवलेल्या. खोकल्याचं औषध लिहिता लिहिता ते पेशंटला त्यांची नावं ऐकवायचे. गावात लोक म्हणत, डॉक्टरांकडे रोग बरा होतो की नाही ठाऊक नाही, पण नट्या पाठ होतात.

वहिनींनी आडपडदा न ठेवता विचारलं. डॉक्टर आधी रागावले, मग हसले, मग पेटीचा दिवा लावून म्हणाले, "शोधा. सापडली खिडकीवाली तर मला पोलिसात द्या." ती नव्हती. असती तर ती मधोमध असती, हे वहिनींना डॉक्टरांच्या डोळ्यांतल्या लोभावरूनच कळलं.

एकदा मागितली होती मी, असं डॉक्टरांनी कबूल केलं. एकच फ्रेम मागितली, तर दादा पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जायचे.

"मला सांगा डॉक्टर, ती खिडकीवाली बाई पडद्यावर शेवटची कधी पाहिलीत तुम्ही?"

"आत्ता कालच," डॉक्टर म्हणाले. पण काल त्यांनी डोळे मिटले होते. गेल्या वर्षी, त्याआधीच्या वर्षीही. ते कपाळाला बोट लावून बसले.

"हे डोळे मिटायचं सुरू कधी झालं?" वहिनींनी विचारलं. त्यांना स्वतःला ते कायमचंच वाटत होतं, घरातल्या घड्याळासारखं.

डॉक्टरांना आठवलं, ते एका गमतीशीर कारणाने. "तुमची धाकटी नोकरीवर जायला निघाली होती त्या वर्षी. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सारख्या डोळे पुसत होतात. दादांनी पहिल्यांदाच डोळे मिटायला सांगितले, आणि मी मनात म्हटलं, शाबास रे गड्या. बायको चारचौघांत रडतेय तर तिला रुमाल काढायला आडोसा केलास."

वहिनींनाही तो खेळ आठवला. नवऱ्याने आपल्यासाठी हे केलं, असं त्यांनाही तेव्हा वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत होतं.

त्या उठल्या. दाराशी त्यांना एक गोष्ट सुचली आणि त्यांचा हात कडीवरच राहिला. सगळ्या थिएटरात असा एकच माणूस होता, ज्याला त्या दृश्याला डोळे मिटणं परवडणारं नव्हतं.

४

केबिनमध्ये तेलाचा आणि जुन्या फिल्मचा वास भरलेला होता. ऑपरेटर ट्रंकेत सामान भरत होते. बैठकीचा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला होता.

वहिनी स्टुलावर बसल्या. आधी त्यांनी ते रीळ मागितलं आणि उजेडाला धरून काळ्या पट्टीचे दोन्ही सांधे पाहिले. ऑपरेटरांनी गेल्या महिन्यात सांधलेलं दुसरं रीळ शेजारीच होतं; त्याचा सांधा स्वच्छ, पाण्यासारखा. काळ्या पट्टीच्या सांध्यांवरचा गोंद जुन्या पुस्तकाच्या पानासारखा तपकिरी पडला होता. हे काम गेल्या वर्षातलं नव्हतं. फार जुनं होतं. आणि त्या सगळ्या वर्षांत डबे दादांच्या पलंगाखाली होते. खेळाच्या दिवशी दादा ते स्वतः उचलून आणत, स्वतः परत नेत. हमालालाही हात लावू देत नसत.

वहिनींनी आवाज बदलू दिला नाही.

"काका, रीळ चालू असताना तुमची नजर पडद्यावर असते. तुम्हाला डोळे मिटता येत नाहीत. दर वर्षी काळा पडदा तुम्ही पाहत होतात."

ऑपरेटरांनी हातातला शर्ट नीट घडी करून ट्रंकेत ठेवला. मग पुन्हा काढून परत घडी केली.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले.

"शब्द घेणारा गेला. आणि मी त्याची बायको आहे."

तेव्हा कुठे हळूहळू आलं ते. धाकटी नोकरीवर गेली त्या वर्षी खेळाच्या सकाळी दादा म्हणाले होते की घरी रीळ तपासताना फिल्म दिव्याला लागून तेवढा भाग भाजला. आपण काळं जोडलंय. मंडळाला कळलं तर लोकांचा जीव तुटेल, म्हणून डोळे मिटायला सांगतो. तुम्ही मात्र कुणाजवळ बोलायचं नाही. ऑपरेटर बोलले नाहीत. बायकोजवळही नाही.

"तुम्हाला खरं वाटलं?"

"मी विचारलं नाही."

वहिनींनी पुन्हा पट्टी उजेडात धरली. दोन्हीकडच्या शेजारच्या फ्रेमा धुतल्यासारख्या निर्मळ होत्या. ना डाग, ना फोड. "कसली शिस्तीची आग हो ही," त्या म्हणाल्या. "बरोबर दृश्य सुरू होतं तिथे लागली आणि दृश्य संपतं तिथे विझली."

ऑपरेटरांनी मान फिरवली.

तेवढ्यात, इतका वेळ मागे कुठेतरी अडकून राहिलेलं धाकटीचं ते वाक्य मटाराच्या शेंगेसारखं वहिनींच्या डोक्यात फुटलं. त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, खिडकीच्या दृश्यात दुसरा कोणी माणूस आहे का? काचेत वगैरे?

ऑपरेटर चमकले. मग त्या अवघडलेल्या क्षणातही त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. आहे, ते म्हणाले. चित्रीकरणाच्या वेळचा कुणीतरी कामगार असणार. त्या काळी माइक फुलदाणीत लपवलेला असायचा, कोणी शिंकलं तरी सगळं फुकट. म्हणून हा बिचारा कॅमेऱ्यामागे उभा राहून सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करतोय, आणि पडदा सरकताना नेमका काचेत उमटलाय. जेमतेम दोन-तीन फ्रेमांत. एकदा रीळ तपासताना दादांना आणि त्यांना तो भिंगाखाली सापडला होता.

"पडद्यावर कधी कोणाला दिसला?"

"छे. पापणी लवायच्या आत जातो. पट्टी हातात घेऊन भिंग लावल्याशिवाय तो दिसतच नाही. पण वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

५

धाकटी अंगणातले कपडे काढून घरात आणत होती. वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिल्या. धाकटीने टॉवेलची चळत खाली ठेवली, ताईचा चेहरा पाहिला, आणि चहा टाकते म्हणाली.

"चहा राहू दे. काचेतला तो माणूस मला दाखव."

स्टोव्हकडे गेलेला धाकटीचा हात तिथेच थांबला. तिला नाही म्हणता आलं असतं. भावोजींनी कधीतरी सांगितलं होतं, एवढं म्हणाली असती तर वहिनींनी ते पदरात घेतलंही असतं. घ्यायची त्यांची मनापासून तयारी होती. पण धाकटी लहानपणापासून खोटं बोलायला कच्ची होती. ती आपल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात चष्म्याचं घर होतं, आणि आत मऊ कापडात सैल गुंडाळलेली ती पट्टी. किती जपली होती. एक ओरखडा नव्हता.

मग धाकटी म्हणाली, "मी मागितली नव्हती, ताई. शपथेवर सांगते. जायच्या आदल्या दिवशी त्यांनीच आणून दिली."

"मी मागितली होती," वहिनी म्हणाल्या.

धाकटीला याचा अर्थ कळला नाही, आणि वहिनींनी तिला तो सांगितला नाही.

"तसलं काही नव्हतं ग आमच्यात. ते माझ्याशी या बोलपटाबद्दल बोलायचे, बस. त्यांना वाटायचं मला समजतं. म्हणून तर मी गाव सोडलं, पुढे काही होऊ नये म्हणून."

"काही नव्हतं, तर अख्ख्या गावाला डोळे कशाला मिटायला लावले?"

यावर धाकटी रडली. वहिनी रडल्या नाहीत. त्यांना तो खेळ दिसत होता: पहिल्या रांगेत आपण, बहीण दूर चालली म्हणून डोळे मिटून रडतोय, बाजूच्या खुर्चीत ती बहीण, आणि तिच्या भरून तयार असलेल्या बॅगेत ही पट्टी. समोर दादा उभे, भारदस्त आवाजात विश्वासघात कसा ऐकावा ते शिकवताहेत. नवऱ्याचं मन एखाद्या वेळी दुसरीकडे वळलं, हे पोटात घालायला त्यांनी इतक्या वर्षांच्या संसारात जागा केली असती. पण विश्वासघात कानांनी जास्त चांगला कळतो, हे वाक्य. ते वाक्य त्यांनी माहेरी, सासरी, मैत्रिणींत, काल खेळानंतर पाहुण्याला देखील मोठ्या अभिमानाने म्हणून दाखवलं होतं. आपला नवरा सिनेमा कसा बघायचा ते शिकवतो म्हणून.

संध्याकाळ झाली तेव्हा त्यांनी चष्म्याचं घर बंद केलं. आता फक्त एक गोष्ट ठरायची होती. पट्टी गुपचूप कपाटात नेऊन ठेवली तर दादांचं नाव राहील, धाकटीचं राहील, आणि चोरून परत आणून ठेवली म्हणून ऑपरेटरांचं कायमचं जाईल. ऑपरेटर तर तेही सोसायला तयार होते. ट्रंक भरून बसले होते.

"ताई, कोणाला सांगू नकोस," धाकटी म्हणाली. आणि नकळत, अगदी नकळत, तिचं बोट ओठांवर गेलं.

६

रविवारी थिएटर भरलं होतं. चोर पकडलेला बघायला माणसं खेळापेक्षा जास्त येतात. मालक आले होते, पाहुणा आला होता. डॉक्टर बोलायला उभे राहिले, तोच वहिनी उठल्या. त्या जागेवर त्या आयुष्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

त्यांनी फार लांबण लावली नाही. तुकडा सापडलाय, म्हणाल्या, आणि ऑपरेटरांनी सकाळी तो जागच्या जागी बसवलाय. तो ऑपरेटरांनी कापला नव्हता. तो माझ्या नवऱ्याने कापला, आपल्या हाताने, फार वर्षांपूर्वी. आणि आपल्याला कळू नये म्हणून आपल्याला डोळे मिटायला शिकवलं. ऑपरेटरांना खोटं सांगून गप्प बसवलं, आणि त्यांनी दिलेला शब्द घर जायची वेळ आली तरी पाळला. कोणासाठी कापला, ते माझ्या घरातलं आहे, ते मी सांगणार नाही.

एकदम कुजबुज उठली. डॉक्टर उभे राहिले होते ते तसेच खाली बसले. मग पुन्हा उठले, मागे वळून केबिनच्या चौकोनी खिडकीकडे पाहून त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. मालकांनी खोली सोडायचा विषय काढला नाही. काढला असता तर लोकांनी त्यांनाच बाहेर काढलं असतं.

"आज डोळे उघडे ठेवा," वहिनी म्हणाल्या आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. बाजूची खुर्ची रिकामी होती. धाकटी सकाळीच बॅग भरून निघाली होती. थांब असं वहिनींनी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही.

रिळं सरकत गेली. जिन्यावर बूट वाजले. तबकडी खरखरली. इतक्या वर्षांच्या सवयीने कित्येकांच्या पापण्या मिटल्या आणि दचकून पुन्हा उघडल्या. आणि पडद्यावर ती आली. खिडकीपाशी गेली. केवढा मोठा चेहरा तो, भिंतीएवढा. फुलदाणीजवळ मान कलती करून, माइकसाठी जरा सावकाश, ती म्हणाली, "दिवा तसाच राहू दे. तो उजेड बघूनच येईल." तिने पडदा सारला.

वहिनी पुढे वाकल्या. काचेवरून नजर हलू दिली नाही, पापणी लवू दिली नाही, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

काच चमकली आणि गेली. माणूस दिसला नाही. ऑपरेटर खरं बोलले होते. तो पट्टी ज्याच्या हातात असेल, त्यालाच दिसत होता.